आखाजीची पाच गाणी : प्रकल्प नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार, अमळनेर

आखाजी (आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया) यंदा ३० एप्रिलला आहे, म्हणजे आजपासून अठ्ठ्याऐंशी दिवस हातात आहेत. तोवर सणात म्हणता येतील अशी पाच नवी गाणी रचून माहेरच्या मुलींच्या हाती द्यायची, असे मी ठरविले आहे. गेल्या आखाजीला, १० मे रोजी, आमच्या गल्लीतल्या लिंबाला दरवर्षीप्रमाणे झोका टांगलेला होता, मुलीही जमल्या होत्या. पण झोक्यावर बसलेल्या मुलीच्या मांडीवर फोन होता आणि गाणे त्या फोनमधून येत होते. जुनी गाणी माझ्या आईला आणि फुईला (आत्याला) सगळी येतात, माझ्या पिढीला निम्मी येतात आणि माझ्या भाचीला एकही येत नाही. जुनी गाणी शिकविण्याचे काम आई करीतच आहे. त्या गाण्यांच्या शेजारी बसू शकतील अशी नवी गाणी रचण्याचे काम मात्र माझ्याकडे येते, कारण आमच्या घरात गाणी लिहिणारी मी एकटीच आहे.

आज जुनी वही काढून मोजणी केली. गेल्या दोन वर्षांत मी ३१ गाणी लिहिली आहेत. त्यांतली २६ केहरवा या आठ मात्रांच्या तालात आहेत, १८ गंधारावरून उठतात आणि जवळजवळ सगळी काळी दोन या एकाच पट्टीत आहेत. असे का झाले, हे शोधायला फार लांब जावे लागले नाही. ही सगळी गाणी रात्री दहा ते साडेअकरा या वेळेत, भांडीकुंडी आवरल्यावर, त्याच खोलीत, त्याच पेटीवर तयार झालेली आहेत. दिवसभर कापसाच्या जिनिंगच्या (सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्याच्या) कार्यालयात काटापट्ट्या, सरकीची विक्री आणि १७० किलोच्या गाठींचा हिशेब करून आलेले डोके त्या वेळी दमलेले असते आणि बोटे नेतील तिकडे जाते. आणि बोटे तर रोजच्याच पट्ट्यांवर जातात. मी चाल शोधते आहे असे मला वाटत होते, प्रत्यक्षात माझी बोटे ती आठवीत होती.

३ फेब्रुवारी, सोमवार

पद्धत ठरविली. दर आठवड्याला दिनक्रमातली एकच गोष्ट बदलायची : वेळ, जागा, सोबत, वाद्य, आधी शब्द की आधी चाल हा क्रम, किंवा भाषा. सगळे एकदम बदलले तर कशामुळे काय घडले ते कळणार नाही, हे हिशेबाच्या कामातून आलेले शहाणपण आहे. ताळेबंद जुळत नसेल तर आम्ही एका वेळी एकच नोंद तपासतो. दुसरे असे की, रविवारी दुपारी चार वाजता आठवडाभराचे सगळे तुकडे घेऊन मी नेहमीच्या टेबलावर नेहमीच्या पेटीजवळ बसणार आहे आणि ही बैठक मोडायची नाही. सापडलेले निवडायला आणि डागडुजी करायला स्थिर जागा लागते, असा माझा अंदाज आहे. तो खरा ठरतो का ते पाहू.

दिनक्रम बदलायचा म्हणजे एकट्या माझा बदलत नाही, हेही आजच लक्षात आले. मी पहाटे उठले तर सासूबाईंची झोपमोड होते, मी संध्याकाळी फिरायला गेले तर कुकर कोणी लावायचा हा प्रश्न उभा राहतो. रात्री जेवताना घरात सगळे सांगितले. संध्याकाळच्या स्वयंपाकाचे दोन दिवस यजमानांनी आपल्याकडे घेतले आहेत, आणि या नोंदीत त्याची नोंद असणे योग्य आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला बदल वेळेचा केला. रात्रीऐवजी पहाटे साडेचारला बसले. मी मूळची रात्री जागणारी आहे, त्यामुळे हा बदल जड गेला. सासूबाई पहिल्याच दिवशी उठून आल्या आणि “काय वं, इतली सकायले?” म्हणून काळजीने विचारू लागल्या.

पहाटेच्या वेळेबद्दल एक गोष्ट मी वाचली होती. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की, ज्यांचे उत्तर अचानक सुचावे लागते अशी कोडी माणसे आपल्या तरतरीत वेळेपेक्षा मंद वेळेत अधिक चांगली सोडवितात. मंद वेळी मनाचा पहारा सैल असतो आणि भलतेसलते विचारही आत येऊ शकतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले होते. माझ्या बाबतीत भलतेसलते विचार पुष्कळ आले, हे खरे आहे. पाच दिवसांत चौदा ओळी लिहिल्या आणि आज चार वाजता वाचल्या, तेव्हा त्यांतल्या अकरा निरर्थक निघाल्या. उरलेल्या तिन्ही ओळी मात्र मला रात्री कधीही सुचल्या नसत्या अशा आहेत. चाल एकही मिळाली नाही, कारण घर झोपलेले असताना पेटी वाजविता येत नाही. पुढील आठवड्यापासून पहाट सोडून देत आहे. झोप मोडून दिवसभर आकडे चुकविणे मला परवडणारे नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

जागा बदलली. कामावरून सुटल्यावर चार दिवस बोरी नदीच्या काठाने पाऊण तास चालले आणि फोन खिशात ठेवून गुणगुणत राहिले. चालण्याचा आणि सुचण्याचा संबंध स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये तपासला होता. बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्या माणसांना नव्या कल्पना सरासरी साठ टक्के अधिक सुचल्या, एवढाच भाग सगळीकडे सांगितला जातो. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग मला जास्त उपयोगाचा वाटतो : जिथे नेमके एकच उत्तर शोधायचे होते, तिथे चालण्याचा फायदा झाला नाही. गाण्याच्या कामात हे दोन्ही प्रकार असतात. ओळ सुचणे हा पहिला प्रकार, आणि त्या ओळीला चपखल यमक शोधणे हा दुसरा. मी चालताना यमक शोधायला गेले आणि दोन दिवस फुकट घालविले. तिसऱ्या दिवशी यमकाचा नाद सोडून नुसते येईल ते म्हणत राहिले, तेव्हा “वेचता गं सांज झाली” ही ओळ चालीसकट आली.

ओळ कापूस वेचणाऱ्या बाईची आहे. फरदडीचा (हंगामानंतरही ठेवलेल्या झाडांचा) शेवटचा कापूस सध्या जिनिंगमध्ये येतो आहे, त्यामुळे ती तिथूनच आली असणार. आखाजीशी तिचा संबंध आहे, कारण आमच्याकडे सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे) साल आखाजीला संपते आणि नवे ठरते. वर्षभर राबलेल्या हातांचे गाणे त्या दिवशी म्हणायलाच हवे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजची नोंद लांब होईल, कारण एवढ्या वर्षांत मला न दिसलेली गोष्ट आज दिसली.

या आठवड्यात क्रम बदलायचा होता. एरवी मी आधी पेटीवर चाल धरते आणि मग शब्द बसविते. या वेळी पेटी गवसणीत ठेवली आणि आमच्या भजनी मंडळात ढोलकी वाजविणाऱ्या अण्णांना विनंती केली की, केहरवा सोडून दुसरा कोणताही ताल वाजवा, मी त्यावर नुसते शब्द म्हणून पाहते. त्यांनी रूपक धरला. रूपकाच्या सात मात्रा असतात, तीन, दोन आणि दोन अशा विभागलेल्या. “वेचता गं सांज झाली” ही ओळ मी एका मात्रेला एक अक्षर अशी म्हणू लागले तर ती आठ अक्षरांची असल्यामुळे मावेना. दोन-तीनदा अडखळल्यावर अण्णा म्हणाले, “ताई, तो ‘गं’ कोणासाठी आहे?”

मला उत्तर देता आले नाही. तो ‘गं’ कोणासाठीही नव्हता. वेचणारी बाई एकटी आहे, ती कोणाला हाक मारीत नाही. केहरव्याच्या आठ मात्रा भरायच्या होत्या म्हणून तो तिथे बसला होता. तो काढला आणि ओळ अशी झाली : वेचता, सांज, झाली. तीन, दोन, दोन. ओळ पहिल्यापासूनच रूपकाची होती आणि मी तिला सवयीने केहरव्याचे अंगडे घातले होते.

यापुढे आणखी एक गोष्ट घडली. रूपकात पहिल्याच मात्रेवर ‘खाली’ (रिकामी मात्रा) येते, म्हणजे जिथे इतर तालांत समेचा भरीव ठोका असतो तिथे ढोलकीचा खर्ज गप्प असतो. ‘वेचता’मधला ‘वे’ त्या रिकाम्या जागेवर पडतो आणि भार पुढे ‘सांज’वर येतो. बोंडाकडे हात अलगद जातो आणि दिवसाचा भार संध्याकाळी जाणवतो, हे सगळे तालाने आपण होऊन सांगितले. मला एकही विशेषण घालावे लागले नाही.

घरी आल्यावर जुनी वही पुन्हा उघडली आणि केहरव्यातल्या त्या २६ गाण्यांत गं, रे, हो, बाई हे शब्द कुठे कुठे आहेत त्यांवर लाल शाईने खुणा केल्या. पानेच्या पाने लाल झाली. यांतले काही खरे संबोधनाचे आहेत, पण पुष्कळसे निव्वळ भरतीचे आहेत. एकाच तालात लिहीत राहिल्यामुळे ही भरती मला ऐकूच येईनाशी झाली होती.

२ मार्च, रविवार, बेटावदहून परतताना

माहेरी जाऊन आले. या वेळी मोटारसायकलवरून न जाता मुद्दाम सुरत मार्गाच्या पॅसेंजरने गेले, कारण गाडीच्या ठेक्यावर गाणे मिळेल असे मनात होते. ठेका मिळाला नाही. रूळ आता लांबच्या लांब सांधून टाकलेले असल्यामुळे लहानपणी ऐकलेला तो सांध्यांचा खडखडाट नियमाने येत नाही. त्याची आठवणच ऐकत मी भोरटेक स्टेशनपर्यंत बसले होते.

मग आठवण सोडून प्रत्यक्ष डब्यातले ऐकू लागले. समोरच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची नात बसली होती. पाडसे सोडल्यावर म्हातारीने नातीला सांगितले, “उतरतांना बोचकं मोजी लेजो.” मुलीने मोजायला सुरुवात केली आणि प्रत्येक बोचक्यात काय आहे ते म्हातारी सांगत गेली : एकात दादर ज्वारीचे पीठ, एकात तुरीची डाळ, एकात लसणाची माळ. बेटावद येईपर्यंत त्यांची बोचकी दोनदा मोजून झाली.

आखाजी संपल्यावर सासरी निघालेल्या लेकीचे सगळे निघणे या मोजण्यात आहे. “मोजी ले वं, मोजी ले” हे ध्रुवपद मी स्टेशनवर उतरताच फोनमध्ये म्हणून ठेवले. प्रत्येक कडव्यात एक बोचके वाढेल : शेवया, कुरडया, बिबडे (ज्वारीचे पापड), आणि शेवटी जे कोणत्याही बोचक्यात बांधता येत नाही ते. मोजणीचे गाणे असल्यामुळे लहान मुलींना चटकन पाठ होईल, ही त्याची मोठीच सोय आहे.

एक गोष्ट ठळकपणे नोंदविते. हे ध्रुवपद अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीत आले. मी आजवर गाणी प्रमाण मराठीत लिहीत आले, कारण शाळेत लिहायला शिकले ती भाषा तीच होती. अहिराणी बोलायची, रागवायची, लाड करायची भाषा होती, वहीतली नव्हती. भाषा बदलण्याचा आठवडा मी एप्रिलमध्ये ठेवला होता. तो आपल्या पायांनी आधीच चालत आला.

९ मार्च, रविवार

वाद्याविना आठवडा. पेटी नाही, ढोलकी नाही, फोनवर तानपुराही लावला नाही. सूर माझा मलाच धरावा लागल्यामुळे तो काळी दोनवर न राहता खाली काळी एकच्या आसपास स्थिरावला, आणि गळ्याला तोच सुखाचा आहे असे आढळले. पेटीवर मी इतकी वर्षे अर्धा-एक सूर वर गात होते, कारण काळी दोनच्या पट्ट्या बोटांना सवयीच्या होत्या. मुलींनी झोक्यावर, मोकळ्या हवेत, विनासाथ गायचे आहे. तेव्हा गाण्याचा आवाका पाच-सहा सुरांपलीकडे न्यायचा नाही, असे ठरविले.

१७ मार्च, सोमवार

वर्षअखेरीच्या कामामुळे गाण्याकडे पाहता आलेले नाही. ३१ मार्चपर्यंत पाहता येणार नाही. एका वरिष्ठाने माझ्या टेबलावरची वही पाहून “हे घरी करायचे काम आहे” असे चारचौघांत सुनावले. वही मी जेवणाच्या सुट्टीत उघडली होती. वाईट वाटले, ते इथे लिहून पुढे जाते.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

तेरा दिवसांनी वही उघडली. मध्ये काहीच केले नाही असे वाटत होते, पण वेचणीच्या गाण्याचा अडलेला दुसरा अंतरा आज श्रीखंड फेटताना पुरा झाला. ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ मध्ये नवनिर्मितीच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या : तयारी, मुरणे, उमगणे आणि पडताळणे. दुसऱ्या पायरीत माणूस कामापासून दूर असतो, पण काम आत चाललेले असते. लोणचे घालणाऱ्या घरात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बरणी रोज उघडून पाहिली तर फोडी मुरत नाहीत. पण बरणीत आधी फोडी घातलेल्या असाव्या लागतात, हेही तितकेच खरे आहे. फेब्रुवारीत नदीकाठी आणि अण्णांच्या ढोलकीपुढे जे घातले होते, तेच आज बाहेर आले. नुसत्या सुट्टीने ते आले नसते.

६ एप्रिल, रविवार, माहेरी

बिबडे करायला आईकडे आले आहे. ऊन चाळीसच्या वर जायला लागले आहे, त्यामुळे पहाटे पाचला गल्लीतल्या सात-आठ बायका ओट्यावर जमल्या. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठात लसूण, तीळ, तिखट घालून गोळे करायचे, लाटायचे आणि खाटेवरच्या कापडावर पसरायचे, असे काम नऊ वाजेपर्यंत चालले.

हात पिठाने भरलेले असल्यामुळे सुचलेले लिहिता येत नव्हते आणि फोनलाही हात लावता येत नव्हता. माझ्या मनात एक चार ओळींचे कडवे तयार झाले आणि ते विसरू नये म्हणून मी ते मनातल्या मनात घोळवीत राहिले. दुसऱ्या तासात त्यातले दोन शब्द गळाले. मी ते आठवून पुन्हा बसविले, ते पुन्हा गळाले. शेवटी त्यांच्याविनाच कडवे घट्ट बसले, तेव्हा कळले की ते शब्द नकोच होते. वहीत लिहिले असते तर ते टिकले असते, कारण कागद काहीच विसरत नाही. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, “लिखी ले, नहीते इसरी जाशी.” मी तिला म्हटले, की विसरायचे ते विसरू दे.

जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकामात आणि शेतकामात त्यांनी रचलेली गाणी इतरांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मी त्या गोष्टीकडे नेहमी कौतुकाने पाहिले होते, आज ती कामाच्या बाजूने पाहिली. त्या काळच्या शेतकरी बाईला दिनक्रम बदलण्याचा प्रयोग करावा लागत नव्हता. पेरणी, निंदणी, वेचणी, खळे, पहाटेचा घट्या (जाते), सणवार असे वर्षच तिचे हात आणि चाल बदलीत होते; प्रत्येक कामाचा ठेका निराळा आणि श्वासही निराळा. माझ्या कार्यालयाला ऋतू नाहीत. मी जे ठरवून करते आहे ते माझ्या आजीच्या पिढीला काळच करून देत होता. त्यांच्या कष्टांचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. ते कष्ट कोणालाही पुन्हा लाभू नयेत. पण त्या कष्टांत ओळ कशी घासली जात होती, ते आज तळहाताला कळले.

बिबड्यांच्या वेळचे ते कडवे हे चौथे गाणे. गौराईपुढे बसून म्हणायचे, टाळीवर.

७ एप्रिल, सोमवार, माहेरी

एक दिवसाची रजा वाढवून घेतली, कारण तिसरे, झोक्याचे गाणे अजून अडलेले आहे आणि झोका तर इथेच आहे. माझ्या भावाने लिंबाच्या फांदीला दोर टांगून दिला.

अमळनेरच्या खोलीत बसून लिहिलेले झोक्याचे गाणे मी आज प्रथमच झोक्यावर बसून म्हटले, आणि ते पहिल्याच ओळीत कोसळले. झोका पुढे जात असताना ओळ संपे आणि मागे येताना पुढची ओळ मधूनच सुरू होई. भाचीला बसवून फोनवर वेळ मोजली : दहा हेलकाव्यांना चाळीस सेकंद. मग तिला उतरवून तिच्या आईला बसविले, तरी चाळीसच. झोक्याला किती वेळ लागतो हे बसणाऱ्याच्या वजनावर नसून दोराच्या लांबीवर असते, हे शाळेत लंबकाच्या धड्यात शिकलो होतो. आमचा दोर साधारण तेरा फुटांचा आहे आणि त्याचे हेच चार सेकंद होतात. म्हणजे जाताना दोन आणि येताना दोन. शिवाय दोन्ही टोकांना झोका क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणी पोटात जो खड्डा पडतो, तिथे आवाज आपोआप लांबतो. हे थांबणे माझ्या खोलीतल्या गाण्यात कुठेच नव्हते.

मग उलटे केले. शब्द बाजूला ठेवून नुसता झोका घेत राहिले आणि एका दिशेला किती अक्षरे आरामात बसतात ते पाहिले. सहा बसली, शेवटचे अक्षर ताणून. सहा जाताना, सहा येताना, पुन्हा सहा जाताना, आणि परत येताना पाय जमिनीला टेकवून पुन्हा रेटा द्यायचा असतो, तिथे श्वास कमी पडतो, म्हणून चारच. सहा, सहा, सहा, चार. हा तर मोठ्या अभंगाचा साचा आहे! शेकडो वेळा म्हटलेला, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक असलेला साचा माझ्या पायांनी मला नव्याने शोधून दिला. दुपारपर्यंत दोन कडवी झाली :

झोका चालना वं
लिंबले टांगेल
माहेरनी वेल
झुकी ऊनी

दोर शे जुना वं
गाठ शे नवी वं
माय शे उभी वं
वट्यावर

यांत ‘वं’ चार वेळा आला आहे आणि अण्णांचा प्रश्न माझ्या कानात आहे, त्यामुळे प्रत्येक ‘वं’ तपासला. हे ‘वं’ भरतीचे नाहीत. ते बरोबर त्या टोकाला येतात जिथे झोका थांबतो आणि वरून खालच्या मैत्रिणीला हाक जाते. ते काढून पाहिले तर झोक्याच्या टोकाला तोंड मिटते आणि गाणे तिथेच पडते. ठेवले.

१६ एप्रिल, बुधवार, अमळनेर

पाचवे गाणे काल रात्री दहा वाजता, त्याच खोलीत, त्याच पेटीवर, आणि केहरव्यातच झाले. हे मुद्दाम लिहिते, कारण जुनी बैठक वाईट होती असा अर्थ या नोंदींतून निघू नये. फरक एवढाच की या वेळी केहरवा सवयीने आला नाही. रूपकात, अभंगाच्या साच्यात आणि विनाठेका म्हणून पाहिल्यावर, पाहुण्या गौराईच्या स्वागताला केहरव्याचीच लगबग हवी असे ठरवून तो घेतला. चाल पंचमावरून उठते. भरतीचा एकही शब्द नाही.

२० एप्रिल, रविवार

चार वाजताची बैठक. ती फेब्रुवारीपासून वर्षअखेरीचे दोन रविवार आणि माहेरचा एक सोडला तर मोडलेली नाही. आज पाचही गाणी ओळीने म्हणून फोनवर ध्वनिमुद्रित केली आणि माहेरी पाठविली. मोजणीच्या गाण्यातले एक कडवे कापले, कारण त्यात बोचके नव्हते, नुसता उपदेश होता. वेचणीच्या गाण्याला प्रमाण मराठीच ठेवली. अहिराणीत करून पाहिले, पण ‘सांज’वरचा भार सुटत होता. स्थिर जागेच्या अंदाजाबद्दल लिहायचे राहिले होते : सुचलेले जवळजवळ सगळे या टेबलापासून दूर सुचले आणि पुरे झालेले जवळजवळ सगळे याच टेबलावर पुरे झाले. झोक्याचे गाणे तेवढे अपवाद आहे.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी, माहेरी

सकाळी घागर भरली, पितरांचे जेवण झाले, खापराचे मांडे झाले. ऊन उतरल्यावर मुली लिंबाखाली जमल्या. भाचीला मोजणीचे गाणे पाठ झाले होते आणि ती ते धाकट्यांना आपल्या मनाने वाढवून शिकवीत होती. तिने एका बोचक्यात फोनचा चार्जर घातला आहे. राहू दे म्हटले.

झोक्याचे गाणे आधी मुलींनी म्हटले, मग माझ्या बरोबरीच्या बायकांनी. पहिल्या दोन फेऱ्यांत लय चुकत होती, तिसऱ्या फेरीपासून झोक्यानेच ती सांभाळली. शेवटी फुई बसली. ती सत्तरीला आली आहे, तिला बसवायला दोघींनी दोर धरून ठेवला. दोन फेऱ्या तिने नुसत्याच घेतल्या, मग गाऊ लागली. दुसऱ्या कडव्यात “माय शे उभी वं” येते तिथे ती क्षणभर थांबली. माझी आजी जाऊन अकरा वर्षे झाली आहेत. ओट्यावर माझी आई उभी होती, हातात फुईसाठी पाण्याचा तांब्या घेऊन. फुईने तिच्याकडे पाहिले आणि पुढच्या हेलकाव्याला म्हटले :

दोर शे जुना वं
गाठ शे नवी वं
वैनी शे उभी वं
वट्यावर

अक्षरे बरोबर सहा आहेत. हा पाठ मी वहीत माझ्या पाठाच्या शेजारी शाईने लिहून घेतला आहे.